सहप्रवाशाची सोय

खिडकीपलीकडच्या कारकुनानं नोंदणीपुस्तकातला इंजिन क्रमांक वाचला, मी नेलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक वाचला, पुन्हा पुस्तकातला वाचला आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात वाचनालयाचं एक पुस्तकसुद्धा उशिरा परत केलेलं नाही. तरी त्या नजरेखाली मला गुन्हेगारासारखं वाटायला लागलं.

"हे इंजिन या गाडीचं नाही," तो म्हणाला.

"गाडीतच आहे ते."

"गाडीत असेल. गाडीचं नाही."

गाडी माझ्या वडिलांची. बाबांना जाऊन चार महिने झाले होते आणि ती आईच्या नावावर करायची एवढंच काम घेऊन मी रजा टाकून आले होते. अर्ध्या दिवसाचं काम, असं मी आमच्या वाचनालयात सांगितलं होतं.

"मूळ इंजिन कुठं आहे?" कारकुनानं विचारलं.

"माहीत नाही."

"विकलं असेल तर विक्रीचा कागद लागेल. हरवलं असेल तर पोलिसांचा."

"इंजिन हरवतं का हो?"

"ते तुम्ही सांगायचं." त्यानं एक छापील फॉर्म सरकवला. त्यात तीन चौकोन होते. पहिला: मूळ स्थितीतील जुने वाहन. दुसरा: वेगवृद्धीसाठी फेरफार केलेले वाहन, आणि त्यापुढे कंसात, अडाण्यांनाही कळावं म्हणून, हॉट रॉड. तिसरा: इतर. "पहिला लागला तर आजच नाव बदलून देतो. दुसरा लागला तर नोंदणी रद्द. गाडी रस्त्यावर आणायची नाही, भंगारात द्या नाहीतर कुंपणाच्या आत ठेवा. तिसरा लागला तरी नाव बदलतं, गाडी रस्त्यावर राहते, पण तो आजवर कुणाला लागलेला नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबची दोन माणसं बोलवा, आमचे निरीक्षक येतील, ठरवतील. महिनाअखेरच्या आत."

वर्गीकरण हा माझा पोटापाण्याचा धंदा. कुठलीही वस्तू कुठल्या तरी कप्प्यात बसते, यावर माझी श्रद्धा आहे, आणि जी बसत नाही ती हरवते, हा अनुभव आहे. आता पाळी बाबांच्या गाडीची होती.

ती गाडी म्हणजे युरोपातल्या एका कधीच बंद पडलेल्या कारखान्याची दोन आसनी स्पोर्ट्स कार. बाबांनी लग्नाआधी कुठून तरी मोडक्या अवस्थेत आणली आणि स्वतःच्या हातांनी बांधली. बॉनेटला मधोमध हंड्याएवढा फुगवटा. मागची चाकं पुढच्यांच्या दीडपट रुंद. बाजूनं बाहेर आलेला, माझ्या दंडाएवढा एक्झॉस्ट पाईप. ती सुरू झाली की समोरच्या इमारतीच्या काचा थरथरत. दर रविवारी सकाळी सात वाजता बाबा आणि आई तिच्यात बसून जात आणि नऊच्या सुमाराला परत येत. दोनच आसनं, त्यामुळे मी त्या गाडीत कधीही बसले नाही. एकुलत्या एका मुलीला घरात ठेवून बाहेर जायची सोय म्हणूनच ही गाडी घेतली असावी, असा संशय मला वयाच्या सहाव्या वर्षी आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

बाबा गेल्यापासून आई दर रविवारी सातला गॅरेजमध्ये जायची, डाव्या बाजूचं आपलं आसन फडक्यानं पुसायची आणि परत येऊन चहा टाकायची. त्याविषयी आम्ही बोलत नव्हतो. पण ती गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही आणि रस्त्यावरच राहू द्यायची, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

घरी येऊन मी आईला विचारलं, "आई, बाबांनी गाडीचं इंजिन बदललं होतं?"

आई भेंडी चिरत होती. सुरी थांबली नाही. "मिस्त्रींना विचार."

मिस्त्री म्हणजे नाक्यावरच्या गॅरेजचे मालक, बाबांचे चाळीस वर्षांचे दोस्त. चिठ्ठीवरचा क्रमांक त्यांनीच मला लिहून दिला होता. मी गेले तेव्हा ते एका स्कूटरच्या खाली होते आणि मला पाहून आणखी खाली गेले.

"मिस्त्रीकाका, मूळ इंजिन कुठं गेलं?"

"नंबर खरा लिहून दिला ना मी? खोटा मागितला असतास तर दिला नसता. बाकी वहिनींना विचार."

"आई म्हणते तुम्हाला विचार."

स्कूटरखालून एक पाना घरंगळत बाहेर आला. "मग तू कुणालाच विचारू नकोस, ताई."

मी घरी येऊन स्वतःच बॉनेट उघडायला गेले. त्याला कुलूप होतं. साधं, पत्र्याच्या पेटीला लावतात तसलं छोटं कुलूप, दोन कड्यांत अडकवलेलं. इतकी वर्षं ते मला दिसत होतं आणि कधी दिसलं नव्हतं.

"किल्ली कुठं आहे?"

"सापडत नाही," आई म्हणाली. माझ्या आईला तिच्या शाळेच्या दाखल्यापासून मी टाकून दिलेल्या वहीच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळं सापडतं. न सापडणारी तिची ही पहिलीच वस्तू.

मी बरीच पुस्तकं वाचते आणि त्यांतली बरीचशी खुनाची असतात. साक्षीदार एकमेकांकडे बोट दाखवायला लागले की वाचकानं काय समजायचं असतं, ते मला समजत होतं.

या टप्प्यावर शेजारचे ऑडिटरकाका मदतीला आले. ऑडिटरकाका निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आहेत. पण तपासणी हा त्यांच्या दृष्टीनं व्यवसाय नसून प्रकृती आहे. पायरीवर उभं राहून त्यांनी माझी पूर्ण हकिगत ऐकली आणि डोळे बारीक केले.

"तुला सांगतो, मला पहिल्यापासून शंका होती. तो फुगवटा उगाच नाही. आत काय असेल माहितेय? विमानाचं."

"काय विमानाचं?"

"इंजिन."

"काका, विमानाचं इंजिन कुठून आणतील बाबा?"

"तेच तर. कुठून आणलं? तुझ्या बाबांचा संयम मात्र मानला पाहिजे. एवढं जनावर हातात असून गल्लीत वीसच्या वर कधी गेले नाहीत. मी एकदा म्हटलं, दाखवा की जरा पळवून. तर म्हणाले, इथं मुलं खेळतात, पुढे मोठ्या रस्त्यावर बघू." काकांनी आवाज उतरवला. "पुढे मोठ्या रस्त्यावर काय चालायचं हे कोण सांगणार? तुझी आई कधी बोलली?"

नव्हती बोलली. ऑडिटरकाका गेल्यावर मी गाडीत शोधाशोध केली. कप्प्यात एक पत्र्याची डबी मिळाली, पेपरमिंटच्या गोळ्यांनी भरलेली. बाबा गोड खात नसत. डबी तपासून मी परत होती तशी ठेवली. असं पोलीस करतात.

मग मी हॉट रॉड म्हणजे काय ते वाचायला बसले. वाचनालयातून तीन ग्रंथ मागवले. पहिल्यात होतं की जुनी, साधी, स्वस्त गाडी घ्यावी, तिचं अंग उतरवावं, मोठं इंजिन बसवावं आणि ती मुळात होती त्यापेक्षा खूप वेगानं पळवावी, म्हणजे हॉट रॉड होतो. दुसऱ्यात पहिल्याला अडाणी म्हटलं होतं. तिसऱ्याच्या लेखकाचं मत होतं की हॉट रॉड ही वस्तू नसून वृत्ती आहे. वृत्तीला चौकोन नसतो, म्हणून मी क्लबला फोन लावला.

क्लबच्या जुन्या गाड्यांच्या विभागाचे सचिव हे अतिशय सभ्य, इस्त्री केलेल्या आवाजाचे गृहस्थ होते. "इंजिन बदललंय? मग ती आमच्याकडे नको. कारखान्यानं बसवलेला एक स्क्रू जरी बदलला तरी ती गाडी राहत नाही, ताई. ती एक मत होते. तुमच्या वडिलांचं मत. हॉट रॉडवाल्यांना विचारा."

हॉट रॉड विभागाच्या अध्यक्षांना क्लबात सगळे फुरफुऱ्या म्हणत, आणि फोनवरही ते स्वतःची ओळख तशीच करून देत. "युरोपी स्पोर्ट्स कार? छे. हॉट रॉडला मुळात गरीब गाडी पाहिजे, बाजारहाटाची. मुळातच पळणारीला आणखी पळवलं तर त्यात काय मर्दुमकी? ही जुन्यांचीच. सचिवांकडे जा."

म्हणजे एकाच्या मते ती हॉट रॉड होती म्हणून नको आणि दुसऱ्याच्या मते ती नव्हती म्हणून नको. तरी दोघांनीही, पाहून घेऊ, असं म्हणून पत्ता घेतला.

फुरफुऱ्या दुसऱ्याच दिवशी आले. साठीचे, पोट सुटलेले, अंगात काळं जाकीट. गॅरेजचं दार वर गेलं आणि त्यांनी जाकिटाची चेन खाली ओढली, देवळात टोपी काढावी तसं. फुगवट्यावर हात ठेवला. मागच्या चाकांपाशी उकिडवे बसले. पाईपात डोकावले.

"सुरू करा."

"किल्ली आईकडे आहे. ती म्हणते बॅटरी गेली."

"हरकत नाही. ताई, मी फोनवर चुकलो. युरोपी असली म्हणून काय झालं? हा फुगवटा बघा. ही टाचेवर जोर देऊन बसलेली बैठक बघा. हा हॉट रॉड आहे. मी लिहून देतो."

"म्हणजे रस्त्यावर बंदी."

"रस्त्यावर कशाला? आमच्या शेडमध्ये ठेवू ना. काचेत. वडिलांच्या नावाची पाटी लावू."

माझा संशय आता पुरेसा तयार झाला होता. त्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. कालपर्यंत नको असलेली गाडी आज काचेत ठेवायची होती. पण मनात मोठी ठेच वेगळ्याच गोष्टीची लागली: इतका माहीतगार माणूस हात ठेवून सांगत होता, म्हणजे खरंच असणार. माझे मोजकं बोलणारे, लिफाफ्याची गोंदाची बाजूसुद्धा सरळ चिकटवणारे बाबा, दर रविवारी आईला शेजारी बसवून भरधाव वेगानं कुठं तरी जात होते. ज्या माणसाला मी ओळखत होते असं चार महिने धरून बसले होते, तो निराळाच निघत होता, आणि त्याला विचारायची सोय उरली नव्हती.

जेवताना मी आईला म्हटलं, "उद्या निरीक्षक येणार आहेत. फुरफुऱ्या हॉट रॉड म्हणून लिहून देणार. मग गाडी जाईल. तुला काही माहीत असेल तर आत्ता सांग."

आईनं माझ्या ताटात भात वाढला. मी मागितला नव्हता. "त्यांना आवडलं नसतं," ती म्हणाली.

"काय?"

"जेव."

निरीक्षक सकाळी दहाला आले. वाळक्या अंगाचे, खिशाला दोन पेनं, एक लिहायचं आणि एक दुसऱ्यांना न द्यायचं. त्यांच्यामागून सचिव आले, आणि आदल्या दिवशीचंच जाकीट घालून फुरफुऱ्या. मिस्त्रींना आईनं बोलावलं होतं. ते दाराशी असे उभे होते की गरज पडल्यास पळता यावं. ऑडिटरकाकाही येणार होते. पण आईनं त्यांना सकाळीच बँकेतल्या एका फॉर्मची चौकशी करायला पाठवून दिलं होतं. तसला फॉर्म बँकेत नसतो, हे मला नंतर कळलं.

सगळे बैठकीच्या खोलीत चहाच्या टेबलाभोवती बसले. या टेबलाविषयी सांगायला हवं. आमचं चहाचं टेबल म्हणजे वर काच, खाली जमिनीपर्यंत आईनं विणलेला जाड झालरीचा कपडा. ते इतकं जड होतं की माझ्या आठवणीत ते कधी हललं नाही. केर आम्ही त्याच्याभोवतीनं काढायचो. लहानपणी मी त्याच्यावर अभ्यास केला. त्याला एक मंद तेलकट वास होता आणि कित्येक वर्षं मला वाटायचं की तो अभ्यासाचा वास आहे.

निरीक्षकांनी गाडी पाहिली होती. फुगवटा, चाकं, पाईप, सगळं त्यांनी सेंटिमीटरमध्ये उतरवून घेतलं होतं. "बॉनेटची किल्ली?"

"नाही सापडत," मी म्हटलं.

"मूळ इंजिन?"

मी मान हलवली.

"क्लबचं मत?"

"हॉट रॉड," फुरफुऱ्या म्हणाले.

"निःसंशय," सचिव म्हणाले. त्या दोघांचं एकमत झाल्याची क्लबात ही पहिलीच वेळ, असं मागाहून समजलं.

निरीक्षकांनी फॉर्म काचेवर ठेवला, लिहायचं पेन उघडलं आणि दुसऱ्या चौकोनावर टेकवलं.

"थांबा," आई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आधी एक चक्कर मारून या. मग लिहा." तिनं चष्म्याच्या घरातून दोन किल्ल्या काढल्या, एक मोठी आणि एक पत्र्याच्या पेटीला असते तसली, आणि मोठी मिस्त्रींच्या हातावर ठेवली.

"वहिनी," मिस्त्री कळवळून म्हणाले. "त्यांनी मला बजावलं होतं."

"मलाही. जा."

बॅटरी उत्तम होती. गाडी सुरू झाली, काचा थरथरल्या, आणि मी फुरफुऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला. मग त्यांनी मान तिरकी केली. मग त्यांचा चेहरा अशा माणसासारखा झाला, ज्याला दूरच्या लग्नात अचानक आपल्या दूधवाल्याचा आवाज ऐकू यावा.

मिस्त्री आणि निरीक्षक मोठ्या रस्त्याच्या दिशेनं गेले. आम्ही फाटकाशी उभे राहिलो. गाडी जेमतेम वळणापर्यंत पोचली असेल, तेव्हा टपालवाला सायकलवरून तिच्या बाजूनं पुढे गेला. पुढे जाताना त्यानं घंटी वाजवली.

ते वीस मिनिटांनी परतले. निरीक्षकांचे केस जसेच्या तसे होते.

"अडतीस," ते म्हणाले. "पूर्ण दाबून. उतारावर एक्केचाळीस झाला, पण तो उताराचा."

आईनं बारकी किल्ली फुरफुऱ्यांना दिली. त्यांनी कुलूप काढलं, बॉनेट उचललं आणि कितीतरी वेळ आत पाहत राहिले.

"टेम्पोचं आहे," ते शेवटी म्हणाले. "डिझेल. दोन सिलिंडर."

"दूधवाल्याच्या टेम्पोचं," मिस्त्रींनी दुरुस्ती केली, आणि एकदा तोंड उघडल्यावर चाळीस वर्षांचं बाहेर आलं. "उंच होतं, बॉनेट लागेना, म्हणून फुगवटा काढला. मागचा अ‍ॅक्सल पण टेम्पोचाच घ्यावा लागला, म्हणून चाकं रुंद. आणि सायलेन्सर त्यांनी स्वतः कापला. म्हणाले, वेग गेला तर गेला, आवाज तरी राहू दे."

"पण का?" सचिवांनी विचारलं. माणूस मनापासून दुखावला होता. "मूळ गाडी ताशी एकशेसाठ जायची."

"जायची," आई म्हणाली. "लग्नानंतर आठव्या दिवशी मला बसवून नेलं होतं. घाटाच्या वळणावर मला घेरी आली. खाली उतरून मी रस्त्याच्या कडेला ओकले आणि म्हटलं, या गाडीत मी परत बसणार नाही. तुम्ही जा. पंधरा दिवस बोलले नाहीत. रोज मिस्त्रींच्या गॅरेजात. सोळाव्या दिवशी म्हणाले, चल, आता बस. मी बसले. हळू होती. पेपरमिंट तोंडात ठेवलं की काही व्हायचं नाही. पण लोकांना सांगू नकोस म्हणाले. स्पोर्ट्स कारमध्ये टेम्पोचं इंजिन, लोक हसतील."

कुणी हसलं नाही. टपालवाला परतीच्या वाटेवर होता. त्यानं पुन्हा घंटी वाजवली.

"आणि मूळ इंजिन?" निरीक्षकांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता, पण फॉर्म तो फॉर्म.

आई आत गेली. आम्ही मागोमाग. तिनं काचेवरचे कप उचलून माझ्या हातात दिले, झालर दोन्ही हातांनी धरली आणि वर केली. काचेखाली, चार लाकडी ठोकळ्यांवर, पुसून लख्ख ठेवलेलं इंजिन बसलं होतं. निरीक्षक गुडघे टेकून वाकले आणि त्यांनी क्रमांक मोठ्यानं वाचला. पुस्तकातलाच होता. माझं गणित, माझं व्याकरण, माझी बारावी, सगळं त्याच्यावर झालं होतं.

"विकायचं नाही म्हणाले," आई म्हणाली. "माझी भीती गेली की परत बसवू."

निरीक्षक खुर्चीवर बसले आणि फॉर्म पुढे ओढला. "हे हॉट रॉड होत नाही. हॉट रॉडमध्ये वेग वाढवतात."

"उलटं आहे," फुरफुऱ्या म्हणाले. त्यांनी चेन पुन्हा वर ओढली होती. "सगळं हॉट रॉडचंच केलंय त्यांनी. मेहनत तीच, कापाकापी तीच. फक्त तोंड दुसरीकडे."

"मूळ स्थितीतही नाही," सचिव म्हणाले, पण या वेळी त्यात इस्त्री नव्हती.

"इतर," निरीक्षक म्हणाले आणि तिसऱ्या चौकोनात फुली मारली. ती मारताना त्यांचा हात किंचित अडखळला. त्या चौकोनाची सवय नव्हती. "इथं एक रकाना आहे. फेरफाराचा उद्देश. काय लिहू?"

आई माझ्याकडे पाहायला लागली. शब्द माझ्याकडे असतात, अशी तिची समजूत आहे. माझ्या हातात चार कप होते, ते मी धरून उभी राहिले.

निरीक्षकांनी थोडी वाट पाहिली. मग स्वतःच लिहिलं, आणि सहीसाठी फॉर्म आईकडे फिरवला. स्वच्छ, सरकारी अक्षरात तिथं होतं: सहप्रवाशाची सोय.

निघताना फुरफुऱ्यांनी बॉनेट खाली केलं, कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या हातात दिली. "वहिनी, मी क्लबात काही बोलणार नाही," ते म्हणाले. सचिवांनीही मान हलवली.

दुपारी ऑडिटरकाका बँकेतून घामाघूम होऊन परतले आणि थेट आमच्या पायरीवर आले. "काय निघालं?"

"गाडी राहिली," मी म्हटलं.

"ते ठीक. आत काय निघालं?"

मी आईकडे पाहिलं. आई झालर सारखी करत होती.

"काका," मी म्हटलं, "ते सांगायची परवानगी नाही."

त्यांनी हळूहळू मान डोलावली. बारा वर्षांत इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

रविवारी सात वाजता आई गॅरेजमध्ये गेली, आपलं आसन पुसलं आणि या वेळी परत न येता उजवंही पुसलं. "ये," ती म्हणाली. मी बाबांच्या जागेवर बसले. आसन माझ्यापेक्षा उंच माणसासाठी मागे सरकवलेलं होतं. ते पुढे ओढायचा खटका कुठं आहे, हे आईनं न बघता दाखवलं. मग कप्प्यातली डबी काढली, एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि एक मला दिली.

ऑडिटरकाका त्यांच्या फाटकाशी वर्तमानपत्र घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर आल्यावर मी क्लच दाबून धरला आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबला. इमारतीच्या काचा थरथरल्या. काकांनी वर्तमानपत्र छातीशी धरलं.

वेगाचा काटा बावीसवरच होता.

"हळू," आई म्हणाली, आणि दारावरची कडी घट्ट धरली.